आधी पिछाडी, मग आगाडी

माघ वद्य दशमी, सन १९२६

प्रिय लाडक्या,

सहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहायला बसलो आहे ते एकट्या माणसाने घोडी गाड्यात कशी चढवायची यावर. तू म्हणशील, जिवा, तुझं डोकं फिरलं. फिरलेलं नाही. दाभोशाच्या नदीत आपण दोघं एकाच बैलाची शेपटी धरून पलीकडे जायचो, तेव्हापासून तू मला ओळखतोस. मला काही सांगायचं असलं की आधी मी चार कोसांचा वळसा घेतो. पुढे तू आमच्या मंगळीशी लग्न केलंस, माझा मेहुणा झालास, तरी माझी ही खोड गेली नाही. तेव्हा हाही वळसाच आहे असं धरून ऐक. ऐक म्हणतो, कारण तुला अक्षर येत नाही आणि हे पत्र दुसराच कुणी वाचून दाखवणार. त्या गृहस्थांना माझा रामराम. पत्र लांब आहे, त्यांनी कंटाळू नये.

पागेत आता पाचच जनावरं उरली आहेत. दरबारात मोटार आली, तेव्हापासून घोड्यांकडे बघायला कुणाला सवड नाही. पाचांत काजळी नावाची एक काळी घोडी आहे, ती तू गेल्यावर आली. चालायला देखणी, पण मनात येईल तेव्हाच हलणार. पौषात तिची पुढची उजवी टाप तडकली. नालबंदाने दोनदा नाल बदलून पाहिला, पण भेग वर वरच चढत गेली. पागेच्या दरोगासाहेबांनी मुंबईच्या घोड्यांच्या डॉक्टरांना लिहिलं. तिकडून उत्तर आलं की महाशिवरात्रीच्या आत घोडी आणा, त्यानंतर आणलीत तर आमच्या हातात काही नाही, गोळी घालावी लागेल. जव्हारपासून रेल्वेपर्यंतच्या धोंड्यांतून तिला चालवत नेणं म्हणजे वाटेतच मारणं. म्हणजे तिला गाड्यात घालून नेणं आलं, आणि गाडा म्हटल्यावर दरोगासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

तो गाडा तू विसरला नसशील. दोन चाकांचा, ठेंगणा, पुढे बैल जुंपायचे, वर घोडा उभा राहील एवढी तीन बाजूंनी फळ्या मारलेली पेटी. पुढच्या अंगाला एक लहान खिडकी आणि माणसाला बाहेर पडायला बाजूने एक दार. मागे खाली सोडायची उतरती फळी, आणि घोडा आत गेला की त्याच्या ढुंगणामागे घालायचा तो सागाचा अडसर. नौबत घोड्याचा पाय मोडला त्या दसऱ्यापासून हा गाडा छपराखाली पडून होता. घोडे चालत जायचे, चालत यायचे. अडसर लावायला तू उशीर केलास म्हणून नौबत मेला, असं सगळ्या जव्हारने ठरवलं. तुझी चाकरी गेली, चाकरीचं शेत गेलं, आणि तुम्ही दोघं इगतपुरीला कोळसा उचलायला निघून गेलात. तुझ्यानंतर पागेतल्या लोकांनी भगताला बोलावलं. त्याने तांदळाचे दाणे मांडून सांगितलं की गाड्याच्या मागच्या जागेत काहीतरी बसलेलं आहे, तिथे जो उभा राहील त्याचा हात ऐन वेळी जड होईल. कोंबडा दिला. तरी आजतागायत त्या जागेवर उभं राहायला एक माणूस तयार नाही. चार जण दरोगासाहेबांच्या पायांवर पाणी घालून, शपथेवर म्हणाले की खरारा करू, लीद काढू, पण मागे उभं राहा म्हणू नका. खरं काय झालं ते सांगू शकेल असा एक माणूस त्या दिवशी गर्दीत उभा होता. त्याने तोंड उघडलं असतं तर निदान कोंबडा तरी वाचला असता. त्याचं पुढे येईल.

तर मी एकटा. पुढे ओढायला मी, मागे अडसर लावायलाही मीच. जुंपलेले बैल धरायलाही मी. पहिल्या दिवशी गाडा बाहेर ओढला तर उतरती फळी वाळवीने खाल्लेली. सखा सुताराने ऐनाच्या दोन फळ्या ठोकून दिल्या आणि लांबूनच म्हणाला, "मी ठोकलं, आथा तू जाण नि तुजा गाडा जाणं." कण्याला वंगण घातलं. आधी घोडी नकोच म्हटलं, नागलीची पोती भरून चार दिवस नुसता गाडा हाकला. मोखाड्याच्या वाटेवरच्या उतारावर गाडा बैलांच्या मागून ढकलायला लागला तेव्हा कळलं की हे नेहमीच्या गाडीसारखं चालायचं नाही. पोती बसल्या जागी बसतात. जनावर उभं असतं, उंच असतं, वळणावर एका अंगाला झुकतं, आणि मग चाक दरीकडे धावतं. वळणात शिरल्यावर बैल आवरण्यात अर्थ नसतो, वळण यायच्या आधीच त्यांना सावकाश करायचं. वळण बाहेरच्या अंगाने रुंद घ्यायचं. उतार मोठा असेल तिथे कण्याला ओंडका बांधून तो फरफटत न्यायचा. दर मैलाला उतरून चाकाची कुणी, म्हणजे कण्याच्या टोकाचा खिळा, जागेवर आहे की नाही ते हाताने चाचपून बघायचं, डोळ्यांवर विसंबायचं नाही. हे मी स्वतः चुकून चुकून शिकलो, तुला नुसतं ऐकून मिळतं आहे.

मग घोडी आणली. बैल जुंपलेले ठेवले तर ते माशी बसली तरी पाऊल टाकतात आणि घोडीच्या पायाखालची फळी सरकते, म्हणून बैल आधी सोडायचे, लांब बांधायचे. चाकांना दोन्ही अंगांनी धोंडे लावायचे. एवढं केलं आणि मी स्वतःवर खूश झालो. दांडीखाली पुढे टेकू लावला होता, मागे लावला नव्हता. काजळीने पुढचे दोन पाय फळीवर ठेवले मात्र, गाडा मागे उलाळला. दांडी वर उठली आणि मी तिच्यावर वाकलेलो होतो, ती हनुवटीवर बसली. अर्धा दात गेला. आता मी बोलताना फुस्स करतो असं सगळे म्हणतात. घोडी लांब जाऊन उभी राहिली आणि तिने माझ्याकडे पाहिलं ते मी जन्मात विसरणार नाही. दांडीखाली एक टेकू आणि पेटीच्या मागच्या कडेखाली दोन, त्याशिवाय जनावराला गाड्याजवळ आणायचंच नाही.

त्यानंतर तीन दिवस मी तिला पुढून ओढत होतो. तू आणि मी बैलांत वाढलेली माणसं. आपल्या हाताला एकच ठाऊक: वेसण धरायची, पुढे व्हायचं, जनावर मागून येतं. घोडीला वेसण नाही. मी ओढलं की ती मान वर करून मागे बसायची, आणि मग मी तिच्याकडे ओढला जायचो. सगळी पागा बघायला जमायची. गवतवाली हौशी भारा घेऊन यायची, ती अजून तशीच आहे, पाठ वाकली पण जीभ नाही. तिने चौथ्या दिवशी भारा खाली टाकला आणि म्हणाली, "घोडा काय बैल हाय काय? त्याला नाकात दोरी नाय तं त्याला इचारूनच नेवा लागंल." असं म्हणून तिने गवताची एक पेंढी पेटीत आत टाकली, मला बाजूला सारलं आणि तिथून निघूनच गेली. काजळी अर्धा तास उभी राहिली. मग एक पाय फळीवर ठेवला. मी ओढणार होतो, पण दात दुखत होता म्हणून ओढलं नाही. तिने दुसरा ठेवला, वास घेतला आणि आपल्या आपण मागे उतरली.

तिथून पुढे मी तिला विचारूनच नेलं. खिडकी उघडी ठेवायची, पेटीत उजेड पाहिजे, जनावर अंधाऱ्या भोकात शिरत नाही. चंदीचा दाणा आत, बाहेर एक दाणाही द्यायचा नाही. तिच्या तोंडापुढे उभं न राहता खांद्याशी उभं राहायचं, आणि तिला आपल्या पुढे आत जाऊ द्यायचं. एक पाय ठेवला की तिथेच थांबायचं, शाबासकी द्यायची आणि ती घाबरायच्या आत आपणच तिला मागे घ्यायचं. मागे उतरणं आत जाण्याच्या आधी शिकवायचं. आपली चूक बघ, आपण कुठल्याच घोड्याला कधी मागे उतरायला शिकवलं नाही. आत कोंबायचं आणि इगतपुरी आल्यावर बघू, असं आपलं होतं. दहा दिवसांत काजळी चारही पाय आत घालून चंदी खायला लागली. महाशिवरात्रीला तेव्हा एकोणीस दिवस होते आणि वाटेला चार दिवस धरले तरी वेळ पुरत होता. मला वाटलं, जिंकलो.

अकराव्या दिवशी ती आत गेली, सरळ, न अडखळता. मला इतका आनंद झाला की मी बाजूच्या दाराने आत शिरलो आणि तिची आगाडी, म्हणजे तोंडाचा दोर, पुढच्या कडीला बांधून टाकली. दोन वेढे आणि गाठ, बैलाला बांधतो तशी. मग अडसर लावायला मागे धावणार, एवढ्यात तिने मान हलवली आणि तिला दोर लागला. लाडक्या, बैल बांधला की उभा राहतो. घोडा बांधलेला आहे हे कळलं आणि मागे मोकळं आहे हेही कळलं, की तो त्या दोराशी सगळ्या अंगानिशी भांडतो. तिने मागे झोकून दिलं. मी दारात अडकलो होतो. दोर ताणला, फळ्या करकरल्या, तोंडावरची मोहरकी कानापाशी तुटली आणि ती उतरत्या फळीवरून मागच्या मागे बाहेर गेली. फळीच्या दोन्ही कडांना मी भाताच्या पेंढ्याच्या गाठी लावून ठेवल्या होत्या, तेवढ्यावर तिचा पाय वाचला. ती अंगणात थरथरत उभी होती. कडीला माझ्या हाताची गाठ तशीच होती, तिला तुटक्या मोहरकीसह वीतभर दोर लोंबत होता.

मी गाड्याच्या मागे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. अडसर खाली पडलेला होता आणि तो लावायला उशीर करणारा माणूसच तिथे नव्हता. हौशी समोर होती, ती घोडीला घेऊन गेली.

वाचून दाखवणाऱ्या भाऊंना इथे माझी विनंती आहे. पुढचं हळू आवाजात वाचू नये. आजूबाजूला कोळसा उचलणारी माणसं असतील तर त्यांनाही ऐकू येईल असं वाचावं. लाडक्याला दोष दिला तो भर दसऱ्याच्या गर्दीत दिला होता, तेव्हा हे कुजबुजून सांगायचं नाही.

त्या दिवशी नौबतला आत मी नेलं. तू मागे अडसर हातात धरून उभा होतास, मी "हां" म्हटलं की तो घालायचा असं आपलं ठरलेलं होतं. पेटीच्या आत काय चाललं आहे ते तुला दिसत नव्हतं, पुढे घोड्याचं अंग होतं. बाहेर नगारा वाजत होता, पाहुणे बघत होते, दरोगासाहेब घाई करत होते. मी "हां" म्हणण्याच्या आधी आगाडी बांधली. नाशिकहून आलेल्या चाबूकस्वाराने आपल्याला शिकवताना बजावलं होतं की आधी पिछाडी, मग आगाडी, म्हणजे मागचं बंद झाल्यावरच तोंड बांधायचं. त्याची अर्धी हिंदुस्थानी माझ्या डोक्यावरून जायची, पण एवढं वाक्य मला कळलं होतं. त्याआधी तीन वेळा मी दोर हातातच धरला होता. त्या दिवशी हाताने बैलाचं काम केलं. नौबतला दोर लागला, त्याने मागे झोकलं, दोर तुटला, आणि माझं "हां" तुझ्यापर्यंत पोचलं तेव्हा तो फळीवरून खाली येत होता. मागचा पाय फळीत आणि गाड्यात सापडला. सगळ्या गर्दीला दिसलं ते एवढंच की घोडा मागून बाहेर पडला आणि तू अडसर हातात घेऊन उभा आहेस.

कडीला राहिलेला दोराचा तुकडा मी सोडवून कमरेला खोचला. मग दारातून बाहेर आलो. दरोगासाहेबांनी मला चारचौघांत विचारलं, आगाडी बांधली होती का? मी म्हणालो, नाही, हातात धरली होती. इतकंच बोललो. तुझं नावही घेतलं नाही, आणि पुढे किती वर्षं मी स्वतःला हेच सांगत होतो की मी लाडक्याचं नाव घेतलं नाही. घ्यावंच लागलं नाही. दोर हातात होता म्हटल्यावर दोष मागच्या माणसाचाच उरतो. दुपारी नौबतला गोळी घातली. तू झाडाखाली बसून रडत होतास आणि म्हणत होतास, मी झोपलो होतो काय, माझा हात कसा हलला नाही. मी तुझ्या शेजारी बसलो होतो, तुला पाणी दिलं. ते पाणी दिल्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

मी ठरवून खोटं बोललो नाही असं लिहावंसं वाटतं, पण तुकडा खोचला तो ठरवूनच. पुढची सहा वर्षं मी मनाची समजूत घालत होतो की बांधला काय, धरला काय, लाडक्या चपळ असता तर अडसर बसला असता. अकराव्या दिवशी काजळीने तीही सोय ठेवली नाही. दोघांचं काम एकट्याने करायला लागलं की चूक ठेवायला दुसऱ्याचा खांदा सापडत नाही. तुझ्या जागी वीज उभी असती तरी अडसर बसला नसता. तुला कुणीतरी हे सहा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं, आणि तो कुणीतरी मी होतो.

गेल्या वर्षी आईच्या दिवसांना मंगळी एकटीच आली होती, तू आला नाहीस. तिला विचारलं तर म्हणाली, "तो कोनच्याच जनावराच्या मागं उबा राहत नाय. बकरीच्या पन नाय. शेजारी बैलांना हाक घालतो तं हा घरात जातो." तेव्हाही मी गप्प बसलो. नागलीची भाकर खाल्ली आणि गप्प बसलो. जव्हारात तुझ्यासारखा बैलांचा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता हे मला ठाऊक आहे, कारण माझाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी दरोगासाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जिवा, मेलेला घोडा उकरून काय निघणार? आधी ही जिवंत घोडी रेल्वेवर पोचव." मी म्हटलं, पोचवतो, पण आधी कचेरीत लिहून घ्या, नाहीतर वाटेत माझं मन फिरेल. त्यांना माझा स्वभाव माहीत आहे, त्यांनी मला स्वतः कारभाऱ्यांकडे नेलं. कारकुनाने जबानी लिहून घेतली, मी खाली सही केली. शाळेत चौथीपर्यंत शिकलो त्याचा हा एवढा उपयोग झाला. कारभाऱ्यांनी माझ्याकडे न बघता हुकूम सांगितला.

मग काजळीला पुन्हा पहिल्यापासून शिकवलं, कारण घाबरलेलं जनावर विसरत नाही. यात आणखी आठ दिवस गेले आणि महाशिवरात्र जवळ आली. आता दोर बांधतच नाही. लांब दोर घेतो, पुढच्या कडीतून नुसता ओवतो आणि पेटीच्या भिंतीकडेने मागे माझ्या हातात आणतो. ती आत जाते, मी मागे एका अंगाला उभा असतो, दोर हातात सैल. तिने मागे पाऊल घेतलं तर घेऊ देतो, पुन्हा जा म्हणतो. ती स्थिर उभी राहिली की अडसर घालतो, खिळा ठोकतो, फळी वर करतो. मगच पुढे जाऊन आगाडी बांधतो, तीही एका ओढीत सुटेल अशी. उतरवताना उलटं. आधी आगाडी सोडायची, मग अडसर. हे उलटं झालं तर पुन्हा तेच. अडसर काढताना नेमकं मागे उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं.

जव्हारहून निघालो तेव्हा बघायला बरेच जण आले होते, पण फळीपासून दहा पावलं लांब. मोखाड्याला पहिला मुक्काम, तिथे खालशाची, म्हणजे इंग्रजांची हद्द, दरबारच्या माणसाला कुणी विचारत नाही, विहिरीवर पाण्यासाठी ताटकळावं लागलं. खोडाळ्याच्या अलीकडच्या उतारावर ओंडक्याचा दोर तुटला आणि गाडा बैलांवर गेला. पाखऱ्या बैलाने मान घट्ट धरली म्हणून आम्ही चौघंही वाचलो. वळणावर काजळी आत पाय फाकून कशी उभी राहते ते मला खिडकीतून दिसत होतं, ती माझ्यापेक्षा लवकर शिकली. दर मुक्कामाला उतरवली, चालवली, सकाळी चढवली. एकट्याने. इगतपुरीच्या मालधक्क्यावर रेल्वेच्या माणसांनी तिला डब्यात घेताना पहिल्यांदा तोंडाचा दोरच कडीला लावायला घेतला. मी इतक्या जोरात ओरडलो की स्टेशनमास्तर बाहेर आले. आधी मागची साखळी लावून घेतली, मग तोंड बांधू दिलं. सोबतीला डॉक्टरांनी पाठवलेला मोतद्दार गेला आहे, त्यालाही सगळं तोंडपाठ करून घेतलं. आज सकाळच्या गाडीने ती मुंबईला गेली. चार दिवस राखून.

तेव्हा लाडक्या, मी इगतपुरीतच आहे. काल तुला पाहिलं. डोक्यावर पाटी, गुडघ्यापर्यंत काळा, पुढच्या माणसाच्या मागून चालला होतास. केस पांढरे झाले आहेत. हाक मारायला तोंड उघडलं आणि फुस्स झालं, आवाज आला नाही. म्हणून हे लिहिलं आणि यार्डातल्या कारकूनभाऊंच्या हाती दिलं. सोबत कचेरीचा कागद आहे, तोही त्यांच्याकडून वाचून घे. त्यात लिहिलं आहे की सदरहू इसम लाडक्या, राहणार दाभोसा, याजकडे नौबत घोड्याचे कामी कसूर नव्हती, त्यास पागेत पूर्वीचे जागी घ्यावे व चाकरीचे शेत परत द्यावे. खाली माझ्याबद्दल एक ओळ आहे, ती योग्य आहे, तिच्यावर तू काही बोलू नकोस. माझी ही शेवटची खेप होती. महिन्या-दीड महिन्याने काजळी परत येईल, तेव्हा तिला इथे उतरवून गाड्यात चढवायला पागेचा माणूस लागेल, आणि तो मी नसेन. तुझ्यासोबत मागे उभं राहायला जव्हारात अजून कुणी तयार होणार नाही, तुला एकट्यालाच करावं लागेल, म्हणून हे सगळं इतक्या बारकाईने लिहिलं. नको वाटलं तर कागद फाडून टाक, तुझा तेवढा हक्क आहे. मी मालधक्क्याच्या मागे उंबराखाली बैल सोडून बसलो आहे आणि भोंगा होईपर्यंत उठणार नाही. मारायचं असेल तर मार. बोलायचं नसेल तर बैल जुंप आणि गाडा घेऊन जा, मी मागून चालत दाभोशाला येईन. फक्त काजळी येईल तेव्हा तिच्या मागे जायला घाबरू नकोस. त्या दिवशी तू बरोबर जागी उभा होतास.

तुझा अपराधी आणि तरीही तुझाच,
जिवा